रिकामी जीप मागनं कावून बसती?

नमस्कार सगळ्यांना. मी ह्या ग्रुपवर नुसती वाचणारी हाय, कधी काय लिहिलं न्हाई. तुमचे अनुभव वाचून मी हसायचे, खरं सांगते. भाकरी भाजता भाजता वाचायचे आन म्हणायचे, काय रिकामटेकडे लोक हायेत. माझ्या सासूबाई — आमी त्यांला आत्या म्हणतो — लेकराला दोन शिंका आल्या तरी मीठ-मिरच्या ओवाळून चुलीत टाकतेत, आन मी मागून म्हणते, आत्या, मिरच्या काय भाव झाल्यात ठाव हाय का? तसली बाई हाय मी. आठवीनंतर शाळा सुटली म्हणून मोबाईलवर बोलून बोलून लिहायलेय, चुकलं तर समजून घ्या. पर सांगितल्याबिगर आता ऱ्हाववंना... कारण आमच्या घरात माझं कुणी ऐकतच न्हाई. कुणीच न्हाई!

आमी पालीचे. बीडच्या जवळ, बिंदुसरा धरणाच्या कडंचं पाली. हायवेपासून आत आमचं शेत, शेतातच घर, आन घराला लागून पत्र्याचं शेड. ते शेडच माझ्या जिवाला काळ झालंय बगा.

आमचे हे — म्हणजे माझ्या ईशूचे पप्पा — आधी ट्रॅक्टर दुरुस्त करायचे. चांगलं चाललं होतं. मग मोबाईलवर कुटं जुन्या मिलिटरीच्या जीपा बघितल्या आन डोकंच फिरलं माणसाचं. मिलिटरीतनं काढून टाकलेल्या फोर बाय फोर जीपा लिलावात निघतेत, त्या भंगारवाले घेतेत, आन भंगारवाल्याकडनं हे घेऊन येतेत. मग तिला घासायचं, ठोकायचं, पत्रा मारायचा, रंग द्यायचा... जेवायचं ध्यान न्हाई का लेकराचं ध्यान न्हाई. पहिली जीप केली ती गेवराईकडच्या एका पुढाऱ्यानं नेली, मिरवणुकीत उभं राहायला उघडी गाडी पाहिजे म्हणला. तवापासून तर ह्यांचे पाय जमिनीला लागंनात.

दुसरी आणली ती ही. ट्रॅक्टरला बांधून ओढत आणली. मी दारात उभी, कडंवर ईशू. मला वाटलं भंगार, पर ह्यांचे डोळे असे चमकत होते की लग्नात माझ्याकडं बघून चमकले नसतील!

“मने, बग, मागचे बाक बग! ओरिजनल हायेत, ओरिजनल!”

बाक म्हणजे मागच्या अंगाला दोन लांब लोखंडी बाक, ह्या बाजूला एक, त्या बाजूला एक, समोरासमोर. दोन माणसं इकडं, दोन तिकडं, गुडघ्याला गुडघे लागतील असे. “ही विकायची न्हाई,” हे म्हणले. “ही आपली. ईशूचं जावळ काढायला हिच्यातच जायचं तुझ्या माहेराला. सगळं आष्टी बघल.”

मी म्हणलं, “आष्टी बघल, पर आधी ही चालल का?”

चालली. ते मानावं लागल, गुण हाय ह्यांच्या हाताला. इंजिन केलं, गिअर केले, हिरवा रंग दिला. पर एक गोष्ट सुधरंना. जीप मागनं बसायची. बसायची म्हणजे मागचं अंग खाली दबलेलं. चाकाच्या वर लोखंडाच्या वाकड्या पट्ट्या असतेत एकावर एक, त्यांला पाटे म्हणतेत, गाडीचा भार त्यांच्यावर. हे म्हणले, पाटे म्हातारे झालेत. बीडहून हमीदचाचा मिस्त्री आणले, नवे पाटे टाकले. टाकल्यावर जीप कशी छान सरळ उभी राहिली. दोन चार दिवस गेले आन पुन्ना मागनं खाली!

हमीदचाचा पुन्ना आले, आणखीन एकेक जाड पट्टी वाढवली. पुन्ना खाली. तिसऱ्यांदा बोलावलं तवा चाचा भडकले.

“अरे दत्ता, तू मेरे को येडा समजतो का बे? ह्यात आता ट्रकचे पाटे टाकू का? घरात गोटे भरतो का तू हिच्यात?”

“चाचा, रिकामीच उभी ऱ्हाती हो शेडात.”

“रिकामी उभी राहून कोणती गाडी बसती? बेटी, तू सांग, हा काय भरतो हिच्यात?”

मी म्हणलं, “चाचा, काय बी न्हाई भरत. माझं नशीब भरलंय तिच्यात.” सगळे हसले. मी बी हसले. तवा हसू येत होतं.

मग एक दिवस दुपारी मी शेडाच्या सावलीला ज्वारी निवडायलेली. ईशू माझ्यापशी खेळायलेली. आत्या आत झोपल्यात, हे बीडला गेलते. वारं न्हाई, कुत्रं न्हाई, काय न्हाई. आन जीप कुरकुरली. कर्र... असा आवाज, सवारीच्या काळ्या-पिवळी जीपमधी माणूस पाय देऊन वर चढतो तवा होतो ना, तसा. मी वर बघितलं. मागचं अंग माझ्या डोळ्यादेखत डाव्या बाजूला खाली झालं. मग उजव्या बाजूला. कर्र. मग पुन्ना डाव्या. सावकाश, एकाच्या मागं एक, जागा बघून बसल्यावानी. सूप माझ्या हातातनं पडलं, सगळी ज्वारी मातीत. ईशूला उचललं आन घरात पळाले ते कडीच लावली.

हे आल्यावर सांगितलं. काय म्हणले असतील?

“ऊन्हानं लोखंड फुगतंय मने.”

“एका एका बाजूनं फुगतंय?”

“ज्या बाजूला ऊन त्या बाजूनं.”

“आवो, शेडात कुटलं ऊन!”

“पत्र्याची गरमी,” म्हणले, आन पाना घेऊन गाडीखाली घुसले. आता सांगा, गाडीखाली घुसलेल्या माणसाशी काय भांडावं? नुसते पाय दिसतेत.

आत्यांला सांगितलं तर आत्यांनी लिंबू कापून चारी चाकाखाली ठेवले, मिरच्या बांधल्या, आन वरनं मलाच म्हणल्या, तूच तिला भंगार भंगार म्हणतीस, तुझीच नजर लागली. म्हणजे काय, गाडी बसली तर माझी नजर, न्हाई बसली तर मिस्त्रीचा हात.

मग काट्याची गोष्ट झाली. ईशूला डोस द्यायचा होता म्हणून आमी तिघं त्याच जीपमधी बीडला गेलतो. येताना रस्त्यात कापसाची जिनिंग हाय, तिथं गाड्यांचा वजनकाटा. मीच म्हणलं, एकदा हिचं वजन तरी करा, माझं तोंड तरी बंद होईल. ह्यांनी घातली काट्यावर. आमी तिघं बी उतरलो, बाजूला उभे. केबिनमधल्या माणसानं आकडा बघितला, जीप कोणती विचारलं, आन काचंतनं वरडला,

“ओ जीपवाले! मागची माणसं उतरवा की!”

“कोन माणसं? रिकामी हाय.”

“रिकामी म्हणं! रिकामी जीप एवढी भरती व्हय? तीन-चार गडी हायेत वजनात.”

“डोळे फुटले का बे? बाहीर ये आन बग!”

तो आला बाहीर. जीपला गोल फिरला. वाकून खालनं बघितलं. डोकं खाजवलं. आमचे हे हसायला लागले, “काटा मारायची सवय लागलीय तुमाला, शेतकऱ्याचा कापूस कमी भरतो आन माझी जीप जास्ती!” मागं कापसाचा ट्रॅक्टर लागलेला, तो मालक बी हसला. पर त्याचा ट्रॅक्टर काट्यावर गेला तवा मी मुद्दाम थांबून विचारलं, दादा, तुमचं बराबर आलं का? तो म्हणला, रोजच्यावानी बराबर हाय ताई.

घरी येईस्तोवर मी एकच म्हणत होते. ईशूला मी हिच्यात पुन्ना बसवणार न्हाई. माझं लेकरू मी बसवणार न्हाई. तुमाला काय करायचं ते करा.

“काटा खराब हाय.”

“मग पाटे?”

“पाटे बी खराब.”

“मग मीच चांगली म्हणायची!”

जावळाचा दिवस धरलेला. आमच्यात पोरीचं बी जावळ काढतेत, मामाच्या मांडीवर बसवून. माझ्या भावानं तिकडं पाहुणे बोलावलेले, न्हावी सांगितलेला, पुरणाचा घाट घातलेला. मी म्हणलं यष्टीनं जाऊ. हे म्हणले जीपनं. दोन दिवस आमचं बोलणं बंद. आत्यांचे गुडघे दुखतेत म्हणून त्या येणार नव्हत्या, पर सल्ला द्यायला हजर. “नवऱ्यानं एवढ्या हौसेनं केलीय, बस की बाई.” सकाळी निघायच्या टायमाला यष्टी बी निघून गेलेली, भावाचा फोनवर फोन... काय करता? मी म्हणलं, बसते, पर पुढं बसते, आन ईशू माझ्या मांडीवरनं खाली उतरणार न्हाई. मागच्या बाकावर नुसतं अंथरूण आन लुगड्याची पिशवी ठेवली.

पालीतनं निघालं की मांजरसुंब्याचा घाट लागतो. चढायला लागलो तशी जीप रडायला लागली. दुसरा गिअर, मग पहिला. बाजूनं ट्रक सुसाट वर चाललेत, ऊसाचे ट्रॅक्टर आमच्या पुढं निघून गेले, आन आमची नव्या इंजिनाची जीप कण्हत कण्हत. हे फोर बाय फोरचा दांडा वढतेत, शिव्या घालतेत. वळणाच्या अलीकडं गचके खाल्ले आन बंद! आन बंद पडली ती मागं सरकायला लागली. ह्यांनी ब्रेक दाबला, हँडब्रेक वढला, तरी सरकती. थोडी थोडी. मागं कठडा, कठड्याच्या पलीकडं खाली खोल.

“मने, उतर! चाकाला दगड लाव! मी पाय काढला की गेली!”

आता ईशूचं काय करू? मिलिटरीच्या जीपला दारं नसतेत. पुढच्या सीटवर एकटी ठेवली तर रस्त्यावर पडल, ट्रक चाललेत. कडंवर घेऊन तेवढा मोठा दगड उचलंना. मी मागं वळले आन तिला दोन बाकांच्या मधी, खाली अंथरुणावर बसवली. स्वताच्या हातानं बसवली. मागचा पत्रा लावलेला व्हता, पडणार न्हाई म्हणून. “हलू नको माय, आत्ता आले,” म्हणलं आन उडी मारली.

दगड आणला, मागच्या चाकाला लावला. चाक चढंना त्याच्यावर, पर दगडच फरफटायला लागला. एवढी जड! दुसरा लावला, तो बी फरफटला. हे पुढनं बोंबलतेत, “ब्रेक खाली चाललाय! ईशूला काढ! आधी ईशूला काढ!”

मी मागनं पत्र्यावरनं वाकले, तिच्या काखंत हात घातला आन वढलं.

ती येईना.

कुणी धरलं न्हाई तिला, मी शपथ घेऊन सांगते, कुणी वढत नव्हतं. नुसती अडकलेली. गच्च भरलेल्या काळ्या-पिवळीत आपण लेकराला माणसांच्या गुडघ्यांतनं वढून काढतो का न्हाई, तशी. माझे हात बी दाबले जायलेत दोन्हीकडनं. बाकं रिकामी, समोर काय न्हाई, आन माझ्या मनगटाला गरम लागायलंय, जाड कापडाच्या आत माणसाचा पाय असतो तसं गरम. ईशू रडत बी नव्हती. माझ्याकडं बघून म्हणली, “मम्मी, जागा न्हाई.”

मला काय झालं मला ठाव न्हाई. भीती कुटं गेली. नुसता संताप आला. महिन्याभराचा संताप. त्या पाट्याचा, त्या काट्याचा, आत्याच्या लिंबाचा, ह्यांचा... आन मी त्या रिकाम्या बाकांवर वरडले, जशी कुणी बी बाई काळ्या-पिवळीत वरडल तशी —

“उतरा! उतरा की हो खाली! एवढे गडी बसलाव, दिसंना का गाडी चढंना ते? लेकरू हाय मधी! चढ संपस्तोवर चालत या जरा, पाय झिजत न्हाईत! वर थांबतो आमी, वर बसा पुन्ना! उतरा!”

आमच्याकडं घाटात असंच असतंय. गाडी जास्ती भरली की ड्रायव्हर माणसं उतरवतो, ती चढ चालत येतेत, वर जाऊन गाडी थांबती, पुन्ना बसतेत. कुणी वाईट वाटून घेत न्हाई. माझ्या तोंडातनं तेच निघालं, मी काय इचार करून बोलले न्हाई.

कर्र.

डावं अंग वर आलं. मग उजवं. कर्र. एकेक करून, सावकाश, मागचा पत्रा माझ्या पोटाला लागून वर वर आला. मी तिथंच उभी, माझ्या दोन्ही बाजूनं जागा करून कुणी उतरावं तसं मला जरा बाजूला सरकावं लागलं. सरकले मी. आन ईशू एकदम हलकी होऊन माझ्या छातीवर आली, इतकी पटकन की मी मागं बसले.

जीप थांबलेली. दगडाला चाक टेकून गप.

ह्यांनी चावी फिरवली, पहिल्याला चालू झाली. “बस! बस लवकर!” ईशूला छातीशी धरून पुढं बसले. आन अशी चढली जीप म्हणता... जिनं मघाशी जीव घेतला ती पोरीवानी पळत वर. वर मांजरसुंब्याला ह्यांनी वेग कमी केला. “रेडिएटरला पाणी घालतो जरा.”

“थांबायचं न्हाई.”

“आग, गरम झालीय—”

“थांबायचं न्हाई म्हणते ना! जळू द्या इंजिन! चला!”

माझा आवाज ऐकून गप चालवली ह्यांनी.

जावळ झालं. माझ्या भावाच्या मांडीवर ईशू हसत बसली, मी एका कोपऱ्यात रडत बसले, बायांना वाटलं लेकीच्या केसासाठी रडती. संध्याकाळच्या आत मी ह्यांना बाजूला घेतलं.

“आता तरी म्हणा, काय होतं ते.”

“काय होतं? तू लेकरू काढलं, गाडी हलकी झाली.”

“तीन वरसाचं लेकरू! त्याच्या वजनानं जीप घाटातनं मागं जाती?”

“चढावर थोडक्यात फरक पडतो मने. तुला गाडीतलं काय कळतंय.”

मला काय कळतंय! दुसऱ्या दिवशी मी ईशूला घेऊन भावाबरुबर यष्टीनं परत आले. हे एकटे जीप घेऊन येणार होते. घाटातनं सरळ रस्ता सोडून हा माणूस केवढा फेर घालून, भलत्याच रस्त्यानं घरी आला, दुपारचा निघालेला दिवस मावळता पोचला. मी विचारलं, इकडनं कावून आलाव? म्हणले, रस्ता खराब हाय तिकडं. कालच गेलतो ना आपण, डांबर हाय की चांगलं! तर म्हणले, डोकं खाऊ नको.

आन जीपमधी मागं बाक नव्हते. दोन्ही बाक काढून भावाच्या गोठ्यात ठेवून आलेत. ओरिजनल, ओरिजनल म्हणून नाचणारा माणूस! म्हणले, गंज धरलाय.

आता जीप मागनं बसत न्हाई. उलट उडती. वाढवलेले पाटे हायेत ना, खड्ड्यात गेली की माणूस टपावर आदळतोय. हमीदचाचांला बोलावून जास्तीच्या पट्ट्या काढून घेतल्या, तर चाचा म्हणले, मी पहिल्यापासून म्हणत होतो पाटे बराबर हायेत. आत्या म्हणत्यात, लिंबाचा गुण. हे म्हणतेत, काटा खराब. सगळ्यांकडं उत्तर हाय.

मी लई लोकांला विचारलं. ती जीप आधी कुटं होती, काय झालं होतं, हे भंगारवाल्याला बी ठाव न्हाई, लिलावात ढिगानं घेतली म्हणला. कोन होते, कावून बसलेले, वाईट होते का चांगले... मला वाईट बी वाटत न्हाईत खरं सांगू. वाईट असते तर उतरले कशाला असते? एका बाईनं लेकरू मधी हाय म्हणलं आन उतरले बिचारे.

पर मी त्यांला वर थांबतो म्हणले होते. आन थांबू दिलं न्हाई.

पुढच्या महिन्यात भावाच्या घराची वास्तुशांती हाय. ईशूला घेऊन जायचंच हाय, न जायचं कारण आत्यांला सांगू काय? आन माझ्या माहेराचा सरळ रस्ता त्याच घाटातनं. जावळाहून परत येताना यष्टी वर मांजरसुंब्याला थांबली, भाऊ पुढं दारापाशी बसलेला, तवा मी ईशूला मांडीवर घट्ट धरलं आन बाजूच्या सीटवर पिशवी ठेवली. कंडक्टर म्हणला, ताई, कुणाची जागा हाय? गाडीत माणसं उभी हायेत. पिशवी उचलली आन डोळे मिटून बसले, पुढं बार्शी नाक्याची का कुटली एक म्हातारी येऊन बसली, तिच्या अंगाचा भार लागला तवा कुटं श्वास सुटला.

ह्यांना काल पुन्ना सांगितलं, एकदा जीप घेऊन वर जा, उभी करा जरा वेळ, लेकराला न घेता, मग काय व्हायचं ते होऊ द्या. तर पेपरावरनं नजर बी उचलली न्हाई. गाडी ह्यांची, नाद ह्यांचा, आन शब्द मातर माझ्या तोंडातनं गेलाय.